बुरुल्चाने नाव घेतलं

कारासाझच्या गुरांच्या दवाखान्यात सकाळपासून प्रोग्रॅम उघडत नव्हता. चालत असला की तो शार्शेनाली आक्साकालांचा असायचा आणि बंद पडला की बुरुल्चाचा. हा नियम कुणी केला नव्हता, पण झाडूवालीपासून साहेबापर्यंत सगळे तो पाळत. त्यामुळे बुरुल्चा फाटकातून आत येते न येते तोच तिघांनी तिला तीन ठिकाणी अडवलं आणि काय करून ठेवलंस म्हणून विचारलं.

तिने काही करून ठेवलं नव्हतं. अख्खा आदला दिवस तिने चुलीपुढे काढला होता. शार्शेनाली आक्साकाल म्हणजे तिचे सासरे; मानाच्या म्हाताऱ्याला तिकडे आक्साकाल म्हणतात. त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून त्यांचं आश होतं, वर्षाचं जेवण. घोडी कापली, आसपासची गावं जेवून गेली. घरात केलिन, म्हणजे सून, ही एकटीच. धाकट्या दिराचं लग्न व्हायचंय, नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवतो. येता येत नाही म्हणून तो फोनवर रडला आणि मोकळा झाला. कढया, वाडगे, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणं, सगळं हिच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हाही हातांचा चरबीचा वास गेला नव्हता.

बाहेर कुंपणाशी माणसं जमली होती. मे महिना, मेंढरं वर जायलूवर, उन्हाळी कुरणावर न्यायची वेळ. कुठल्या जनावराच्या कानात कुठला बिल्ला, कुठली लस कधी टोचली, ही सगळी नोंद त्या प्रोग्रॅमात. तो कागद छापून देतो, तो कागद दाखवला की घाटातली चौकी कळप सोडते. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतून फोनवर फोन येत होते, की आमच्याकडे उघडत नाही, लोक अंगावर येतायत, करा काहीतरी.

आता हा प्रोग्रॅम लिहिला कुणी? बुरुल्चाने लिहिला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ती राजधानीत, बिश्केकला, हेच शिकलेली. लग्न होऊन कारासाझला आली तेव्हा सासरे दवाखान्यात नोंदणीचे प्रमुख होते. गाय नुसती चालताना पाहून तिचं दुखणं सांगणारा माणूस, पण कॉम्प्युटरची कळ दाबायची तर विंचवाला हात लावल्यासारखा दाबायचा. माणूस वाईट नव्हता हं. सुनेला घरात कोंडलं नाही, उलट आपल्या हाताखाली नोकरीला लावलं. गुरांचं काय काय टिपून ठेवावं लागतं ते त्यांनी सांगायचं आणि हिने ते प्रोग्रॅमात उतरवायचं. संध्याकाळी दूध काढून झालं, रोट्या भाजून झाल्या की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. समोर सासू, कलीपा आपा, लोकर विंचरत असायची. अशी कितीतरी वर्षं गेली. ते काम होताना पाहिलं ते एका आपानेच.

मग बिश्केकच्या सभेत सासरे उभे राहिले आणि म्हणाले, "मी केला." टाळ्या पडल्या. त्यांच्या खांद्यावर झगा घातला, डोक्यावर मानाची नवी पांढरी लोकरी टोपी, कल्पक, ठेवली. घरी आल्यावर ते सुनेच्या नजरेला नजर देईनात. प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर कर्ता म्हणून त्यांचं नाव आलं, आणि ते बुरुल्चानेच टाइप केलं. टाइप करायला बंदी नव्हती. बंदी होती ती तोंडाने उच्चारायला.

केलिनने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याच्या थोरल्या भावांचं घ्यायचं नाही. शहरातल्या पोरी आता घेतात, हसतात वर. कलीपा आपाच्या घरात ते चालत नव्हतं. बरं, नुसतं नाव टाळून भागतं का? शार्शेनाली जन्मले बुधवारी, म्हणून शार्शेनाली. त्यांच्याकडे बुधवारला शार्शेंबी म्हणतात. त्यामुळे लग्नाच्या दिवसापासून बुरुल्चाच्या आठवड्यातला तो वारच गेला. लस कधी येणार असं विचारलं की ती सांगायची, "मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी." दवाखान्यातली माणसं मुद्दाम विचारायची आणि खिदळायची. ती पण हसायची, दुसरं काय करणार.

आणि आता बिश्केकहून तपासणीचं कमिशन आलं होतं. कारासाझचा प्रोग्रॅम सगळ्या देशासाठी घ्यायचा, ज्याने तो केला त्याला बिश्केकला नेऊन नव्या खात्याचा प्रमुख करायचा, असं वर घाटत होतं. ज्याने केला म्हणतात तो तर मातीआड गेला. मग कुणाला न्यायचं? दवाखान्याचे साहेब, नुरदौलत, म्हणत होते की धाकटा मुलगा आहे की, मिर्लान. मिर्लान म्हणजे बुरुल्चाचा दीर. कॉम्प्युटर चालू करणं, बंद करणं, तारा जोडणं एवढं त्याला यायचं. बुरुल्चाने धीर करून साहेबाला खरं काय ते सांगितलं होतं. साहेबाने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं आपण चोरीच करताना सापडलो.

"केलिन," ते म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या ताटातलं ओढून घेतेस?"

एकच साक्षीदार होता, तो म्हणजे आपा. महिनाभर बुरुल्चाने सासूची मनधरणी केली. पाठ चोळून दिली, आवडीचं आटवून घातलं, हळूच विषय काढला. आपा आधी ऐकूनच घेईना. आशच्या दिवशी, कणीक मळता मळता, स्वतःहूनच म्हणाली, "विचारलं त्यांनी तर सांगीन. या डोळ्यांनी पाहिलंय. माझं काय, मी पण चालले आता." बुरुल्चाने कणकेचेच हात तिच्या हातांवर ठेवले. कमिशनपुढे मानाची पाहुणी म्हणून आपाला बोलावणं होतंच. म्हणजे एक सकाळ नीट पार पडली की झालं, बिश्केक. आयुष्यात एकदा तिच्या कामावर तिचं नाव लागणार होतं. आणि नेमक्या त्याच सकाळी प्रोग्रॅमने मान टाकली.

पडद्यावर एकच वाक्य येत होतं, डेटाबेसशी संपर्क होत नाही. हे म्हणजे दार वाजवलं आणि आतून कुणी ओ दिली नाही, एवढंच. घरात कुणी नाही, की आहे पण कडी लागलीये, की आपण भलत्याच दारात उभे आहोत, हे त्यावरून कळत नाही. बुरुल्चा घाबरली नाही. असल्या वेळी तिचं डोकं फार शांत चालायचं. आधी पाहिलं, डेटाबेसचं यंत्र चालू आहे का. मागच्या खोलीत पूर्वी औषधांची खोकी असायची, तिथे आता ते सर्व्हरचं यंत्र होतं. ते घुमत होतं. त्याच्यावर कुणीतरी रेशमी कापड टाकलं होतं. आशचं काहीतरी असेल म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही. यंत्रापाशीच बसून डेटाबेस उघडला. उघडला, एकूण एक मेंढी जागेवर. म्हणजे घरात माणूस आहे. पासवर्ड तपासला, तोही बरोबर, म्हणजे कडी लागलेली नाही. आपल्या टेबलाशी परत येऊन तिने यंत्राला नावाऐवजी आकड्यांच्या पत्त्याने हाक मारली. लगेच उत्तर आलं. मग नावाने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच.

ते नाव तिनेच ठेवलेलं. यंत्र नवं आलं तेव्हा सासरे म्हणाले होते, तुला काय ठेवायचं ते ठेव. बर्फ वितळलं की जे पहिलं फूल वर येतं त्याचं नाव तिने दिलं, बायचेचेक. यंत्राचं नाव कधी कुणी बदलत नाही असं समजून तिने ते प्रोग्रॅमच्या पोटातच पक्कं शिवून टाकलं. गावोगावचे सगळे कॉम्प्युटर त्याच नावाने हाक मारत होते, आणि त्या नावाचं आता तिथे कुणी नव्हतं.

ती परत मागच्या खोलीत गेली आणि कापड उचललं. खाली पितळी पाटी. पाटीवर सासऱ्यांचं नाव, जन्म, मृत्यू. यंत्राच्या आत शिरून पाहिलं तर तिथेही तेच, यंत्राचं नाव शार्शेनाली.

तिने मिर्लानला गाठलं. वहिनीला तो जेंगे म्हणायचा. तो म्हणाला, "काल दुपारी केलं, जेंगे. साहेब आले, मुल्ला आला, दुआ केली. साहेब म्हणाले नुसती पाटी लावून काय, आतही नाव घाला, म्हणजे बाबांचं नाव राहील. तू चुलीपाशी होतीस, तुला कुठे बोलवत बसायचं?" पोरगा खरंच आनंदात होता. बापासाठी काहीतरी केल्यासारखं त्याला वाटत होतं. त्याला काय बोलणार, कपाळ?

साहेबाच्या खोलीत पाहुण्यांच्या जेवणाचं दस्तरखान मांडलं होतं. तळलेल्या कणकेच्या बोरसोकांच्या राशी, कालचं घोडीचं मांस, घोडीचं आंबवलेलं दूध, म्हणजे कुमीस. दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी, पांढऱ्या फडक्यात डोकं गुंडाळून कलीपा आपा बसली होती. तिच्या शेजारी कमिशनच्या प्रमुख दामिरा आसानोव्ना, आखूड केसांच्या, भराभरा बोलणाऱ्या. बुरुल्चाने साहेबाला दारात बोलावून हळू आवाजात सांगितलं, की यंत्राचं नाव परत पहिलं करू द्या, पाच मिनिटांचं काम आहे. पाटी राहू दे, कापड राहू दे, आतलं कुणाला दिसतंय?

साहेबाने वळून आपाकडे पाहिलं आणि दात आवळून म्हणाले, काल ज्याची दुआ केली ते आज पुसायचं? त्याची विधवा इथे बसली असताना? आशच्या दुसऱ्या दिवशी? तुझा प्रोग्रॅम तू दुरुस्त कर, मेलेल्याला हात लावू नकोस. झालं. आता तो तुझा प्रोग्रॅम झाला.

प्रोग्रॅम उसवून नवं नाव शिवायचं आणि गावोगावी पोचवायचं तर आठवडा हवा. कमिशन दुपारी निघणार होतं आणि त्यातला एक माणूस मुद्दाम घाटाखालच्या गावात जाऊन बसला होता, तिथून चालतो का ते बघायला. एकच वाट उरली. जिल्ह्याच्या गावी, नारिनला, सगळ्या यंत्रांच्या नावांची वही एक इंजिनिअर ठेवतो. बायचेचेक म्हणून कुणी हाक मारली तर त्याला नव्या नावाच्या यंत्राकडे धाड, एवढी एक ओळ त्याने तिथे घातली की गावोगाव सगळं चालू. पण मागे कुणीतरी दुसऱ्याच्या मोबाइलवरून खोटा निरोप पाठवून घोटाळा केला होता, तेव्हापासून तिथला कायदा कडक. निरोप चालत नाही, आकडा चालत नाही. नेमलेल्या माणसाने नेमलेल्या फोनवरून आपल्या तोंडाने यंत्राचं नाव सांगायचं, आवाज टिपून ठेवतात. कारासाझतर्फे दोघं नेमलेली होती. एक बुरुल्चा. दुसरे शार्शेनाली, आणि ते काही आता येत नव्हते. नेमलेला फोन साहेबाच्या टेबलावर होता.

तिने आत जाऊन फोन लावला.  जिल्ह्याचा इंजिनिअर नुरसेयित ओळखीतलाच, तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हां एजे, दोन मिनिटांचं काम. नवं नाव सांगा."

बुरुल्चाने फोनची तार बोटाला गुंडाळली. म्हणाली, "आमच्या आक्साकालांचं."

"ते कळलं हो. नाव सांगा."

"मंगळवारच्या दुसऱ्या दिवसाचं."

तो हसला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण आवाज उतरला. तो म्हणाला की एजे, मला समजतंय, माझी आईपण असंच करते. पण हे टिपलं जातंय. स्वच्छ नाव आलं नाही तर वरचे माझी मान धरतील. दुसरं कुणी नाही का तिथे?

दुसरं कुणी म्हणजे जे गेले तेच, हे त्यालाही ठाऊक होतं. बुरुल्चाने वर पाहिलं. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. दामिरा आसानोव्नांना कळतच नव्हतं की एका नावावर एवढं काय अडलंय. त्यांनी सरळ विचारलंच, "शार्शेनालीच ना? मग सांगा की." त्या किती सहज बोलून गेल्या. खिडकीबाहेर माणसं काचेला नाक लावून उभी होती. आणि आपा तिच्याकडे बघत होती. रागाने नाही, बजावूनही नाही. नुसती बघत होती. नाव नाही घेतलं तर प्रोग्रॅम बंद, कमिशन परत, बिश्केक संपलं. घेतलं तर आपा. बुरुल्चाला वाटलं आपाला कळेल. जिने एवढी वर्षं समोर बसून पाहिलं तिला हेही कळेल. कणकेच्या हातांवर हात ठेवले होते की आपण.

"शार्शेनाली," बुरुल्चा म्हणाली.

"पुन्हा एकदा, एजे. नियम आहे."

"शार्शेनाली."

 पलीकडून कळा वाजल्या, नुरसेयित म्हणाला बघा आता, आणि मिर्लान शेजारच्या खोलीतून ओरडतच आला की उघडला, उघडला. घाटाखालच्या माणसाचा फोन आला, तिथेही उघडला. बाहेर छपाईचं यंत्र खडखडायला लागलं, लोक रांग मोडून दाराशी घुसले. साहेबाने कपाळ पुसलं आणि सगळ्यांच्या वाडग्यांत कुमीस घालायला लावलं.

कलीपा आपाने वाडग्याला हात लावला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पन्नास वर्षं संसार करून तिनेही ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. पोरं झाली तेव्हा नाही, कबरीवर माती लोटली तेव्हाही नाही. आणि आशच्या दुसऱ्या दिवशी, परक्या लोकांसमोर, तिच्या घरच्या केलिनने ते फोनमध्ये दोनदा म्हटलं होतं, बाजारात मेंढीचा भाव सांगावा तसं.

दामिरा आसानोव्ना बाई सरळ. त्यांना साहेबाचं सगळंच खरं वाटत होतं असं नाही. त्यांनी कागद पुढे ओढला आणि आपाकडे वळून आदराने विचारलं, की आपा, तुम्ही घरातल्या, तुम्हीच सांगा. हा प्रोग्रॅम खरं म्हणजे केला कुणी? मी असं ऐकलंय, की तुमच्या केलिनचा त्यात मोठा हात होता.

 हाच प्रश्न. हाच तर हवा होता.

आपाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या म्हाताऱ्याने केला," ती म्हणाली. "ही समोर बसायची. तो सांगायचा, ही बोटं चालवायची. नाव टाळायची अक्कल नाही तिला, प्रोग्रॅम काय करणार?"

मिर्लानने मान खाली घातली. त्याला माहीत होतं, थोडंफार तरी माहीत होतं.  साहेब म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो?  दामिरा आसानोव्नांनी बुरुल्चाकडे पाहिलं, जणू ती काही म्हणेल म्हणून वाट पाहिली. काय म्हणणार होती ती? सासू खोटं बोलते म्हणून त्या खोलीत, त्या दिवशी, त्या पांढऱ्या फडक्यापुढे? एक रीत मोडली तेवढी पुरे होती. शिवाय आपा खोटं बोलली ती कमिशनला ऐकवायला नाही, केलिनला त्या नावाची शिक्षा द्यायला, हे बुरुल्चाला अगदी स्वच्छ कळलं होतं. तिला राग आला.  आणि त्या रागाचं करायचं काय, हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

मग पुढचं भराभर झालं. प्रोग्रॅम घ्यायचा ठरलं. त्याला कर्त्याचंच नाव द्यायचं, देशभर, असं साहेबाने सुचवलं आणि सगळ्यांना आवडलं. बिश्केकला मिर्लान जाणार. काही अडलं तर जेंगेला फोन करील, घरचंच तर आहे. दामिरा आसानोव्नांनी लेखणी उघडली. कर्त्याचं नाव, बापाचं नाव, घराणं, सगळं नीट लिहायचं होतं, वर राजधानीत जाणार होतं ते. साहेब मांस कापण्यात गुंतले होते, मिर्लान बाहेर पळाला होता, आपा बोलण्यासारखी नव्हती.

"तुम्ही सांगा," त्या बुरुल्चाला म्हणाल्या. "तुमचा आवाज स्वच्छ आहे."

बुरुल्चा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि सांगू लागली. आधी नाव, मग बापाचं, मग घराण्याचं. दामिरा आसानोव्नांना मधलं एक अक्षर ऐकू आलं नाही, तर तिने सबंध नाव पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, आपाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.